पानं पिवळी, नाक लाल

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये ज्यांनी चांगला कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून तो कपाटात जपून ठेवला, अशा बे एरियातल्या मराठी मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. कॅमेरा नसला तरी चालेल. उत्साह हवा, आणि तो पहाटे पाच वाजता हवा. रात्री दहाचा उत्साह या कामाला उपयोगाचा नाही. त्यावर फार तर हॉटेल बुक करता येतं.

प्रथम स्थळ. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व उतारावर, ३९५ नंबरच्या हायवेच्या आसपास, उत्तरेला होप व्हॅलीपासून दक्षिणेला बिशप गावापर्यंत डोंगरातली तळी आणि कुरणं विखुरलेली आहेत. जिथे ओढा, जिथे तळं, तिथे ॲस्पेनची झाडं. सप्टेंबर संपता संपता ती पिवळी व्हायला लागतात आणि ऑक्टोबर संपेपर्यंत उघडी पडतात. मधल्या काळात तिथे जाऊन फोटो काढायचे, एवढाच विषय. कोणी म्हणेल, त्यात शिकवण्यासारखं काय आहे? दरवर्षी परत येणारे फोटो पाहिले की हा प्रश्न पडत नाही.

इथे जायचं ठरलं की न्यू जर्सीत काही वर्षं काढून आलेले एक गृहस्थ हमखास भेटतात. ते म्हणतात, ‘हे कसले फॉल कलर? खरे बघायचे तर व्हर्मॉन्टला जा.’ त्यांचं ऐकून घ्यावं. तिकडचा शुगर मेपल लालभडक होतो, डोंगरच्या डोंगर रंगतात, हे खरंच आहे. आपल्याकडे जवळपास एकच रंग, पिवळा. कुठे कुठे केशरी. पण न्यू इंग्लंडातला सगळ्यात उंच डोंगर, माउंट वॉशिंग्टन, ६,२८८ फुटांचा. आपल्याकडे बिशपच्या वरची तळीच ९,००० फुटांवर आहेत आणि त्यांच्या मागे बारा-तेरा हजार फुटांचे उघडे कडे उभे आहेत. हे आकडे गृहस्थांना सांगू नयेत. मग ते अलास्काचे फोटो दाखवायला काढतात.

मुहूर्त

‘पीक कधी असतं?’ हा नवशिक्याचा पहिला प्रश्न. त्यावर जाणता माणूस उलट विचारतो, ‘किती फुटांवर?’ नवशिक्याला वाटतं, हा शिष्टपणा करतोय. शिष्टपणा नाही, उत्तरच ते आहे. रंग डोंगरावरून खाली उतरत येतो. बिशप क्रीकच्या वरच्या टोकाची साउथ लेक, लेक सब्रायना आणि नॉर्थ लेक ही तळी सप्टेंबरच्या अखेरीस रंग धरतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास ऐन भरात असतात. जून लेक आणि कॉन्व्हिक्ट लेक साडेसात हजार फुटांच्या आसपास, त्यांचा नंबर साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. बिशप गावातले कॉटनवुड चार हजार फुटांवर. ते निवांत, ऑक्टोबर सरताना पिवळे होतात. वर्षागणिक आठवडाभर इकडे-तिकडे होतं, क्रम बदलत नाही.

आता तुमचा मुहूर्त कसा काढायचा ते पाहू. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंतचे सगळे शनिवार-रविवार कागदावर लिहून काढा. त्यातून मुलाची सॉकरची मॅच असलेले वजा करा. नवरात्रातला गरब्याचा शनिवार वजा करा. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम वजा करा, कारण बायको नाटकात आहे आणि तुम्ही ध्वनिसंयोजनाला ‘हो’ म्हणून बसलात. ऑफिसातलं रिलीज वजा करा. ज्या शनिवारी आई-बाबांना विमानतळावर सोडायचंय तो वजा करा. जो उरेल तो शनिवार म्हणजे पीक. झाडांना तसं कळवायची सोय अजून झालेली नाही, पण घाबरू नका. रंग वरून खाली येतो हे एकदा डोक्यात ठेवलं की कुठलाही शनिवार चालतो. लवकरचा असेल तर वर जा, उशिराचा असेल तर खाली या. महिनाभर कुठल्या ना कुठल्या उंचीवर झाडं भरात असतातच. सगळ्या गाइडांमध्ये कामाची गोष्ट ही एवढी एकच असते आणि तीच सगळ्यात शेवटी छापलेली असते, म्हणून इथे आधी सांगितली.

वाऱ्याचा मात्र भरवसा नाही. एका रात्रीच्या वादळात अख्खं रान झडू शकतं. ‘या आठवड्यात ७५ ते १०० टक्के’ असे रंगाचे अहवाल वाचून निघालात, तर लक्षात ठेवा की अहवाल लिहिणारा गेल्या आठवड्यात गेला होता.

साहित्य

कॅमेरा, लेन्सा, जादा बॅटऱ्या. थंडीत बॅटरी लवकर बसते, तेव्हा जादाच्या बॅटऱ्या बॅगेत नको, अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. बाहेरून गारठलेला कॅमेरा गरम गाडीत आणला की लेन्सवर दव धरतं. तो बॅगेत बंद करूनच आत आणा आणि हळूहळू कोमट होऊ द्या. हे वाचून कोणी ऐकत नाही. आत आल्या आल्या फोटो बघायचे असतात.

कपडे. ऑक्टोबरात ९,००० फुटांवर पहाटे पाणी गोठण्याइतकी थंडी असते. नवशिक्या कंपनीने दिलेलं, छातीवर लोगो असलेलं बिनबाह्यांचं जाकीट घालून येतो. तळ्याकाठी अशी दोन-तीन जाकिटं एकत्र आली की फोटोंचं बोलणं मागे पडतं आणि शेअर्सचं सुरू होतं. तेवढ्यात प्रकाश येऊन जातो. कानटोपी आणा. चारचौघांत कानटोपी घालायची लाज वाटणारे लोक पहिल्या दिवशी वीस मिनिटांत सुधारतात.

ट्रायपॉड. न्यायलाच हवा असं सगळी पुस्तकं सांगतात. गाडीत कुठे ठेवायचा ते सांगत नाहीत. नवशिक्या तो डिकीत सर्वांत खाली, कूलर, स्ट्रोलर आणि खाऊच्या पिशव्यांखाली ठेवतो. तिथे तो सुरक्षित राहतो आणि दोन दिवसांनी त्याच जागेवरून घरी परत येतो. खाऊचं म्हणाल तर वाटेतला टायोगा पास जवळजवळ १०,००० फुटांवर आहे. चिवड्याची सीलबंद पिशवी तिथे पोचेपर्यंत टम्म फुगते. मुलांना तो या प्रवासातला सगळ्यात भारी प्रकार वाटतो, आणि फोटो पहिला त्याचाच निघतो. तो चांगला येतो, कारण पिशवी हलत नाही.

पोलरायझर नावाची एक काच मिळते, ती घ्या. ती फिरवायची असते. हे वाक्य पुन्हा लिहितो: ती फिरवायची असते. नवशिक्या ती लेन्सवर घट्ट बसवतो आणि विसरून जातो. फिरवली तर पानांवरची पांढुरकी चमक जाते आणि आतला पिवळा खुलतो, आकाश गडद होतं. सूर्य तुमच्या खांद्याच्या रेषेत, म्हणजे बाजूला असेल तेव्हा तिचा परिणाम सगळ्यात जास्त. समोर किंवा पाठीमागे सूर्य असेल तर फारसा नाही. खूप वाइड लेन्सवर लावली की निळ्या आकाशात मध्येच एक काळपट पट्टा उमटतो. घरी तो दिसला की माणसं कॅमेरा बदलून आणायला दुकानात जातात. आणि तळ्याकाठी एक विशेष काळजी घ्या. हीच काच एका कोनात पाण्यावरचं प्रतिबिंब पुसून टाकते आणि तळाचे दगड दाखवते. पाच तास गाडी चालवून, पहाटे उठून, डोंगराचं प्रतिबिंब टिपायला आलेला माणूस पोलरायझर पूर्ण फिरवून ते नाहीसं करतो आणि म्हणतो, ‘पाणी काय स्वच्छ आहे इथलं!’

कृती

सिएराची ही बाजू पूर्वाभिमुख आहे. त्याचे परिणाम दोन. सकाळचं पहिलं ऊन थेट कड्यांवर पडतं, आणि दुपार कलली की सूर्य डोंगरामागे जाऊन तळी सावलीत बुडतात. ‘सनसेटला जाऊ, निवांत’ म्हणणाऱ्यांना इथे चार वाजताच संधिप्रकाश मिळतो. म्हणून पहाट.

नॉर्थ लेकला जायचं तर शेवटचा तुकडा कच्चा आणि अरुंद आहे, एका बाजूला दरी. समोरून गाडी आली तर कोणीतरी रिव्हर्स घ्यायचा असतो. शेजारच्या सीटवरचं माणूस या वेळी ‘अरे, इकडे दरी आहे’ असं सांगतं. ते चालवणाऱ्याला माहीत असतं. अंधारातच काठाशी पोचा. तिथे आधीच ट्रायपॉडांची रांग लागलेली असेल. रांगेच्या पुढे जाऊन उभं राहू नका, आणि हेडलाइट सुरू ठेवून गाडी लावू नका. तेवढं केलंत तरी तिथल्या सगळ्यांपेक्षा तुम्ही सभ्य ठराल.

मग वाट बघा. आधी सगळं निळसर-करडं असतं आणि ॲस्पेन पिवळे आहेत की नुसतेच फिके, हे कळत नाही. मग कड्याच्या अगदी टोकावर गुलाबी रेघ येते. ती रेघ खाली सरकते, सरकताना नारिंगी होते, मग सोनेरी. खाली झाडं आणि तळं अजून सावलीत. या क्षणी कॅमेऱ्याची पंचाईत होते, कारण वर उजेड फार आणि खाली अंधार. त्यासाठी वर काळी आणि खाली पारदर्शक अशी काच असते. गेलन रोवेल या छायाचित्रकाराच्या नावाने अशा काचा निघाल्या, आणि तो याच बिशप गावात राहायला होता. २००२मध्ये बिशपजवळच विमान अपघातात तो गेला. त्याचे फोटो शोधून बघा, पण सहलीच्या आधी बघू नका. नंतर बघा. आधी बघितले तर तळ्याकाठी उभं राहून तुम्ही त्याचेच फोटो शोधत बसाल. ती काच नसेल तर कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो काढून घरी जोडा. नवशिक्याने जोडलेल्या फोटोत कधी कधी सावलीतलं तळं आकाशापेक्षा उजळ दिसतं, ते मात्र टाळा.

ऊन पाण्यापर्यंत पोचलं की थोड्याच वेळात वारा सुटतो आणि प्रतिबिंब फुटतं. तोवर जे झालं ते झालं. बहुतेक मराठी कुटुंबं याच सुमाराला, नाश्ता आटोपून, तळ्याकाठी पोचतात.

पान

आता वारा आणि ॲस्पेन यांचं नातं नीट समजून घ्यायला हवं, कारण निम्मे फोटो तिथेच जातात. जमिनीवर पडलेलं एक पान उचला. रुपयाच्या नाण्याहून मोठं, जवळपास गोल, टोकाला जरासं निमुळतं, कडांना बारीक दाते. त्याचा देठ अंगठा आणि तर्जनीत धरून गोल फिरवून बघा. फिरत नाही, बोटांत अडतो. हा देठ गोल नसतोच. तो चपटा असतो, आणि पानाच्या पातीला काटकोनात चपटा असतो. त्यामुळे तुमच्या गालाला वारा लागत नाही तेव्हाही पान डावी-उजवीकडे थरथरत असतं. लाखो पानं एकदम थरथरतात आणि पावसासारखा बारीक आवाज येतो. पहिल्यांदा येणारा माणूस वर बघतो, ढग शोधतो.

हे बघायला फार सुंदर आणि फोटो काढायला फार वाईट. पहाटेच्या कमी उजेडात कॅमेरा आपोआप शटर सावकाश करतो, आणि फोटोत पानांच्या जागी पिठलं येतं. उपाय साधा आहे: शटर एक-अडीचशे किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि त्यासाठी आयएसओ वाढवा. आयएसओ वाढवला की फोटो खरखरीत होतो, असं वाचून काही लोक भितात. खरखरीत पान चालतं. पिठलं नाही.

दुसरी अडचण, कॅमेरा हुशार असतो. त्याला ऑटोवर ठेवलं की समोरचा पिवळा पाहून तो ठरवतो, उजेडात काहीतरी गडबड आहे, आणि रंग थंड करून टाकतो. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर नेऊन ठेवा आणि तिथेच राहू द्या. शिवाय उन्हातला पिवळा फार तेजस्वी असतो. कॅमेऱ्यात लाल रंगाचा भाग सगळ्यात आधी भरून वाहतो, आणि पानांच्या शिरा, कडा, सावल्या सगळं जाऊन एकसारखा पिवळा डाग उरतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम दाखवायची सोय तुमच्या कॅमेऱ्यात असते, ती मेन्यूत शोधा. लाल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर उजेड थोडा कमी करा. मागचा पडदा बघून ‘छान आलाय’ म्हणणं हा पुरावा धरता येत नाही. अंधारात सगळेच पडदे छान दिसतात.

उन्हाच्या समोरून काढलेले फोटोही बघा. पान मागून उजळलं की रंग दुप्पट होतो. नवशिक्याला शाळेत कधीतरी सांगितलेलं असतं, सूर्य पाठीमागे ठेवावा, आणि तो आयुष्यभर पाठीमागे ठेवतो.

रान बघताना एक गोष्ट चटकन लक्षात येते: एक पट्टा लख्ख पिवळा, आणि त्याच्या शेजारचा, त्याच उतारावरचा, अजून हिरवा. उन्हाचा किंवा पाण्याचाच काही संबंध असतो असं नाही. ॲस्पेन बी टाकून वाढतो त्यापेक्षा जास्त मुळांतून फुटतो. एका मुळाच्या जाळ्यातून शेकडो खोडं येतात, ती सगळी मिळून एकच झाड असतं, म्हणून ती एकदम पिवळी होतात. युटा राज्यात पँडो नावाचं असं एक ॲस्पेन आहे: ४३ हेक्टर, सुमारे ४७,००० खोडं, झाड एक. सिएरातल्या रानात हे कळलं की फोटोची चौकट आपोआप सापडते. जिथे एक झाड संपतं आणि दुसरं सुरू होतं, ती हिरव्या-पिवळ्याची शिवण शोधा. सगळंच पिवळं असलेल्या फोटोपेक्षा तो फोटो जास्त बघितला जातो.

ज्यांना रंगाची फारच ओढ आहे, त्यांनी आन्सेल ॲडम्सचा १९५८ सालचा ॲस्पेनचा फोटो शोधून बघावा. न्यू मेक्सिकोतला आहे. काळ्या रानासमोर उजळलेली बारीक खोडं आणि पानं. ॲस्पेनच्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंत त्याचा नंबर फार वरचा, आणि तो कृष्णधवल आहे. बायकोने ‘मग आपण एवढ्या लांब रंग बघायला का आलो?’ असं विचारलं तर हा मुद्दा काढू नका.

माणसं

मराठी माणसाचा निसर्गाचा फोटो माणसाशिवाय पुरा होत नाही, हे गृहीत धरून पुढचं सांगतो. नवरात्र चालू असेल तर ‘आजचा रंग’ आधी बघा. तो पिवळा असेल तर मोठा घोटाळा होतो. पिवळ्या झाडांपुढे पिवळी साडी नेसून उभी राहिलेली व्यक्ती फोटोत सापडत नाही. नुसतं तोंड आणि हात दिसतात. निळा उत्तम, लाल चालेल. हिरव्याला मध्यम गुण.

खोडाला टेकून फोटो काढण्याची पद्धत आहे. ॲस्पेनच्या सालीवर पांढरी भुकटी असते, ती काळ्या कोटाच्या पाठीवर उतरते आणि झटकली तरी पटकन जात नाही. टेकण्याआधी कोट काढा, किंवा पाठ कुणाला दाखवू नका.

सासरेबुवा सोबत असतील आणि ते साताऱ्याचे असतील, तर ते तळ्याकडे बघून सांगतील, ‘आमच्या कासला फुलं असतात हो. ही नुसती पानं. तीसुद्धा मरायला टेकलेली.’ वाद घालू नका, कारण दोन्ही विधानं बरोबर आहेत. त्यांना एक पान उचलून देठ फिरवायला द्या. दहा मिनिटं ते बोलत नाहीत, आणि नंतर तेच दुसऱ्या कुटुंबाला सांगायला लागतात, ‘हे बघा, हे फिरत नाही.’

मुलांना कॉन्व्हिक्ट लेकचं नाव असं का, ते सांगा. १८७१मध्ये नेवाडातल्या कार्सन सिटीच्या तुरुंगातून कैदी पळाले. त्यांच्यातले काही या खोऱ्यात आले, पाठलाग करणाऱ्यांशी चकमक झाली आणि तीत मॉरिसन नावाचा माणूस मारला गेला. तळ्यामागे उभा आहे तो माउंट मॉरिसन त्याच्याच नावाचा. गोष्ट संपेपर्यंत मुलं एका जागी उभी राहतात. फोटो त्याच वेळी काढून घ्या.

दसरा जवळ आला असेल तर पडलेलं एखादं पान ‘सोनं’ म्हणून द्यायला घरी न्यावंसं वाटतं. रंगाने हे आपट्याहून जास्त खरं सोनं. वाटेतल्या योसेमिटीच्या हद्दीतून मात्र पान-फूल उचलून नेऊ नका, नॅशनल पार्कात ती मनाई आहे. झाडावरचं पान तोडू नका, कुठेच. खोडावर नावं कोरू नका हे सांगायची वेळ येऊ नये, पण आपल्या किल्ल्यांच्या भिंती पाहिलेल्या आहेत, म्हणून सांगतो. गेल्या शतकात इथे मेंढ्या चारणाऱ्या बास्क मेंढपाळांनी एकटेपणात ॲस्पेनवर नावं, तारखा, चित्रं कोरली. आता अभ्यासक ती जपून नोंदवतात. तुमचं नाव कोणी नोंदवणार नाही. साल कापली की त्या जखमेतून बुरशी शिरू शकते आणि खोड मरू शकतं.

घरी आल्यावर

रविवारी रात्री उशिरा घरी पोचून त्याच रात्री फोटो एडिट करू नयेत. दमलेल्या डोळ्यांना प्रत्येक फोटो फिका वाटतो, आणि सॅच्युरेशनची पट्टी हाताशी असते. ती उजवीकडे नेली की पानं केशरी होतात, आकाश जांभळं, आणि सासरेबुवांचे कान लाल. थंडीने ते होतेच, पण इतके नव्हते. हाच फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. पुण्याच्या आत्या विचारतात, ‘फिल्टर लावलाय का?’ मावशी नुसता नमस्कार टाकतात. आठवडाभर थांबा, मग पट्टीला हात लावा. बहुधा लागत नाही.

शंकासमाधान

प्रश्न: मोबाइलवर फोटो चांगले येतात का?
उत्तर: येतात. पुढे ते व्हॉट्सॲपवरच जाणार आहेत. फक्त पिवळ्यावर बोट ठेवून उजेड जरा खाली ओढा.

प्रश्न: ड्रोन?
उत्तर: योसेमिटीत आणि ज्या भागाला सरकारी भाषेत वाइल्डरनेस म्हणतात तिथे बंदी आहे. बाकीच्या ठिकाणी पहाटे सहा वाजता तळ्याकाठी ड्रोन उडवून बघा. कायद्याची गरज पडत नाही, रांगेतले लोक पुरतात.

प्रश्न: सब्रायनाला गेलो, पण तळ्यात पाणीच कमी होतं. चुकीच्या तळ्याला गेलो का?
उत्तर: नाही. ते वीजनिर्मितीसाठी बांध घालून वाढवलेलं तळं आहे. साउथ लेकचंही तेच. उन्हाळाभर पाणी वापरलं की शरदात काठाला उघड्या दगडांचा गोल पट्टा दिसतो. प्रतिबिंबासाठी शेजारचं लहानसं नॉर्थ लेक बघा.

प्रश्न: गेलो तेव्हा सगळी पानं गळून गेली होती. काय करावं?
उत्तर: हजार-दीड हजार फूट खाली या. खालीही गळली असतील तर पाण्यावर तरंगणाऱ्या पानांचे फोटो काढा. हवा थांबली की ती अजिबात हलत नाहीत.

प्रश्न: कुरणात शिरून मध्यभागी उभं राहून फोटो काढला तर?
उत्तर: ओलं कुरण पायाखाली दबतं आणि वाटा पडतात, पुढच्या वर्षीच्या फोटोत त्याच वाटा येतात. कडेने फिरा. लांबची लेन्स त्यासाठीच घेतलेली असते.

शेवटची सूचना रस्त्याची. बे एरियातून टायोगा पासमार्गे पलीकडच्या ली व्हायनिंग गावाला पाच-साडेपाच तास लागतात. तो रस्ता मोठा बर्फ पडला की हिवाळ्यापुरता बंद होतो. बहुतेक वर्षी नोव्हेंबरात, पण ऑक्टोबरातल्या एखाद्या वादळातही मध्येच दोन-तीन दिवस बंद राहू शकतो. डोंगरात फोनला रेंज सगळीकडे नसते, म्हणून निघायच्या आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा रस्ता उघडा आहे ना ते बघा. बंद असेल तर हॉटेलचे पैसे गेले असं समजून रडत बसू नका. ८८ नंबरच्या रस्त्याने कार्सन पास ओलांडून होप व्हॅलीला जा. कार्सन पास साडेआठ हजार फुटांवर आहे, पण हिवाळ्यातही वाहतुकीला उघडा ठेवतात. पलीकडे कुरण आहे, कुरणातून कार्सन नदी वाहते, दोन्ही बाजूंना ॲस्पेन, रस्त्यालगत पासच्या अलीकडे केपल्स लेक आणि पास ओलांडला की रेड लेक. बे एरियातून चार तासांच्या आत पोचता येतं. नवशिक्याने पहिल्या वर्षी खरं म्हणजे तिथेच जावं.